जवळची माणसं

पॅरिसमधल्या र्यू कँकाँपुआ या गल्लीत आज बघण्यासारखं फारसं काही नाही. चित्रांच्या एक-दोन गॅलऱ्या, कॉफीची दुकानं, भिंतीला टेकवलेल्या सायकली. पलीकडे पाँपिदू सेंटरपाशी जत्रा असते, पण ती इथवर पोचत नाही. गल्लीची रुंदी म्हणाल तर एक मोटार जाईल आणि तिच्या कडेने अंग चोरून एखादा माणूस. आमच्याकडे याला सरळ बोळ म्हणतात.

"हे बघायला आपण लूव्रची वेळ बदलून घेतली?" मुलीने विचारलं.

मी हो म्हटलं. तीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागे बसले. नोटा मोजून अंगठ्याची कातडी जाड झाली. नोट म्हणजे शेवटी विश्वासाने हातात घेतलेला कागद, हे वाक्य ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं आणि विसरूनही गेले होते. त्या वाक्याचा एवढा मोठा प्रयोग एका अख्ख्या देशावर या बोळात झाला होता, तो बोळ बघायचा नाही तर काय बघायचं?

१७१९ च्या उन्हाळ्यापासून पुढची वसंतपालवी फुटेपर्यंत या गल्लीत मिसिसिपी कंपनीचे शेअर विकले-घेतले जात. शेअर बाजाराची इमारत नव्हती. रस्ता हाच बाजार. दोन्ही टोकांना फाटकं आणि पहारेकरी. सकाळी इशारा झाला की फाटकं उघडायची, रात्री पुन्हा इशारा झाला की माणसं हाकलून काढायची. मला गंमत वाटली ती फाटकांची. एका टोकाने खानदानी मंडळींनी यायचं, दुसऱ्या टोकाने सामान्यांनी. म्हणजे दरवाजे दोन, आणि आत शिरल्यावर चिखल एकच. ड्यूकच्या रेशमी मोज्यावर खानसाम्याच्या बुटाचा चिखल उडायचा आणि कुणी काही बोलायचं नाही, कारण दोघांचे कान भावाकडे. लिहायला टेबल नाही म्हणून एका कुबड असलेल्या माणसाने आपली पाठच भाड्याने दिली. तो वाकायचा आणि त्याच्या कुबडावर कागद टेकवून लोक हजारोंच्या सौद्यांवर सह्या करायचे. त्याने त्यात चांगली कमाई केली असं सांगतात. 'मिलियोनेर' हा शब्द फ्रेंचांच्या तोंडी याच दिवसांत रुळला.

हे सगळं लोभाने झालं असं म्हणून मोकळं होता येतं. पण लोभ काय, सगळीकडे असतो. मला प्रश्न पडायचा तो वेगळाच. ज्यांच्या घरात सात पिढ्या कुणी दुकानाची पायरी चढलं नव्हतं, व्यापार हा शब्द ज्यांना ओंगळ वाटायचा, ती सरदार मंडळी या बोळात इतक्या चटकन रुळली कशी? वाचत गेले तसं वाटू लागलं, त्यांना काही नवीन शिकावंच लागलं नाही. सट्टा त्यांच्या अंगात आधीपासून होता. व्हर्सायच्या राजवाड्यात ते दुसरं करत काय होते?

चौदाव्या लुईच्या दरबारात राजाला सकाळी सदरा कुणी द्यायचा, रात्री तो झोपायला जाताना मेणबत्ती कुणी धरायची, हे मान असत. ती मेणबत्ती धरायला मिळाली म्हणजे उद्या एखादी पेन्शन, परवा मुलाला रेजिमेंट, तेरवा मेव्हण्याला मठाचं उत्पन्न. राजाने कुणाकडे बघून मान हलवली, कुणाकडे बघितलंच नाही, याच्या बातम्या जिन्यांवरून खाली धावत. सरकारी पदं तर राजरोस विकत मिळत आणि पुढे विकताही येत. म्हणजे भाव होता, अफवा होती, तेजी-मंदी होती. फक्त माल दिसत नव्हता. माल होता जवळीक. वशिला म्हणा. आपल्या भाषेत 'तो त्यांच्या जवळचा आहे' असं आवाज खाली आणून म्हणतात ना, ते.

१ सप्टेंबर १७१५ ला तो राजा गेला. मागे ठेवलं दोन अब्ज लिव्रहून जास्त कर्ज आणि पाच वर्षांचा एक पणतू. लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन. पॅरिसमधला हमाल दिवसभर राबून साधारण एक लिव्र मिळवायचा, त्यावरून दोन अब्जांचा अंदाज करावा. पोर सज्ञान होईपर्यंत कारभार आला ऑर्लेआंच्या ड्यूककडे, फिलिपकडे. त्याला रीजंट म्हणत. हुशार, शूर, चित्रं काढणारा, रसायनांचे प्रयोग करणारा आणि रात्री साफ वाया गेलेला माणूस. पॅले-रुआयालमधल्या त्याच्या जेवणावळींत जे सोबती असत त्यांना तो स्वतःच 'रुए' म्हणायचा. म्हणजे चाकावर चढवून हाडं मोडायच्या लायकीचे. त्या काळी खुनी-दरोडेखोरांना ती शिक्षा होती, आणि इथे तो लाडाचा शब्द झाला. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रीजंटला व्हर्साय आवडत नव्हतं. त्याने दरबार पॅरिसला आणला. इतिहासाच्या पुस्तकांत ही एक ओळ असते, पण माझ्या मते अर्धी गोष्ट तिच्यातच आहे. राजवाड्याचा जिना आणि शहराचा बोळ यांच्यात आता पायी चालत जाण्याइतकंच अंतर उरलं.

त्या अंतरात येऊन उभा राहिला जॉन लॉ. एडिंबरोच्या सराफाचा मुलगा. देखणा, उंच, आकडेमोडीत विलक्षण. १६९४ मध्ये लंडनमध्ये द्वंद्वयुद्धात एकाला मारलं म्हणून फाशीची शिक्षा झाली, तुरुंगातून निसटला, युरोपभर जुगाराच्या टेबलांवर पैसे मिळवत फिरला. पण त्याला निव्वळ जुगारी म्हणणं अन्याय होईल. व्यापार मंदावतो तो पैशाचा तुटवडा पडल्यामुळे, आणि पैसा म्हणजे सोनंच असलं पाहिजे असं नाही, हा विचार त्याने १७०५ मध्येच छापून मांडला होता. आज ज्या नोटा आपण बिनदिक्कत खिशात घालतो त्यामागचं गणित त्या माणसाला तीनशे वर्षांपूर्वी दिसलं होतं. काउंटरवरच्या बाईला याचा आदर वाटणारच. फ्रेंचांना त्याचं नाव काही म्हणता येईना. ते त्याला 'लास' म्हणत.

१७१६ च्या मे महिन्यात त्याची बँक निघाली. भांडवल साठ लाख लिव्र. त्यातला फक्त पाव हिस्सा नाण्यांत द्यायचा, बाकीचा सरकारच्या जुन्या रोख्यांत, जे बाजारात निम्म्यालाही कुणी घेत नव्हतं. पुढच्या वर्षी हुकूम निघाला की सरकारी कर या बँकेच्या नोटांत भरता येईल. झालं, नोट चालू लागली. त्याच वर्षी कंपनी निघाली, अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्याचा, लुइझियानाचा मक्ता घेऊन. तिथे १७१८ मध्ये दलदलीत एक गाव वसवलं आणि रीजंटच्या नावावरून त्याला न्यू ऑर्लिन्स म्हटलं. माणसं स्वतःहून जाईनात तेव्हा तुरुंगातली, रस्त्यावरची भिकारी माणसं आणि मुली पकडून बोटींवर चढवल्या. बोळात मात्र त्या गावाच्या नावावर सोन्याच्या गोष्टी सांगितल्या जात होत्या.

मे १७१९ मध्ये या कंपनीने पूर्वेकडच्या व्यापाराच्या कंपन्या गिळल्या. पाँडिचेरीची वखार त्यातच आली. मग टांकसाळ घेतली, मग राज्याचे कर वसूल करण्याचा मक्ता घेतला, आणि शेवटी राजाचं सगळं कर्जच फेडायला काढलं. दर खेपेला नवे शेअर. नवा शेअर हवा तर हातात जुने चार हवेत. लोकांनी त्यांना नावंही घरगुती दिली: पहिले शेअर 'आया', दुसरे 'मुली', तिसरे 'नाती'. पाचशेला निघालेला शेअर वर्षअखेरीला दहा हजारांना टेकला. लाभांश जाहीर झाला दोनशे लिव्र. मी तिथेच गल्लीत उभ्याउभ्या हिशेब केला. दहा हजारांवर दोनशे म्हणजे दोन टक्के. आमच्या बचत खात्यावर याहून जास्त दिलं तरी लोक कुरकुर करायचे.

पण दोन टक्क्यांसाठी कुणीच घेत नव्हतं. उद्या बारा हजारांना दुसरा कुणी घेईल म्हणून घेत होते. आणि नवे शेअर आधी मिळवायचे तर लॉची ओळख हवी.

इथे दरबार पूर्ण ओळखीचा वाटू लागतो. चौदाव्या लुईच्या दाराबाहेर उभे राहणारे ड्यूक आता लॉच्या बाहेरच्या खोलीत उभे होते. रीजंटची आई, जर्मनीहून आलेली फटकळ म्हातारी, रोज नातेवाईकांना पत्रं लिहायची, आणि त्या पत्रांत हे सगळं आहे. एका डचेसने चारचौघांत लॉच्या हाताचं चुंबन घेतलं, मग बाकीच्या बायका कुठलं घेतील, असं ती बेधडक लिहिते. एकदा काही बायांनी त्याला असा गराडा घातला की बिचाऱ्याला लघवीला जाऊ देईनात. त्याने कारण सांगितलं तर म्हणाल्या, इथेच करा हो, आमचं ऐका तेवढं. एका बाईला कळलं की लॉ अमुक घरी जेवायला आहे. तिने गाडी त्या घरासमोर नेली आणि कोचवानाला "आग, आग" असं ओरडायला लावलं. जेवणारे बाहेर धावले, त्यात लॉही. बाई गाडीतून उडी मारून त्याच्याकडे धावली, आणि तो उलट दिशेने पळाला.

त्याची 'बायको' कॅथरीन हिच्याकडे पॅरिसमधली उच्चभ्रू घरं येत-जात होती. ती त्याची लग्नाची बायको नव्हतीच. तिचं लग्न दुसऱ्याशी झालेलं होतं. एरवी एवढ्या कारणावरून ज्या बायका दुसरीची सावली घेत नसत, त्या हिच्या दिवाणखान्यात खुर्ची मिळवायला धडपडत होत्या. लॉ प्रोटेस्टंट होता, अर्थमंत्री व्हायला कॅथलिक असणं भाग होतं. त्याला धर्मात घेण्याचं काम ताँसँ नावाच्या एका अ‍ॅबेने केलं आणि त्यात आपलाही खिसा भरला. त्यावर पॅरिसमध्ये चार ओळी फिरल्या. त्यांचा भावार्थ असा: ताँसँबुवा, जळो तुमचा धर्मोत्साह, लॉ कॅथलिक झाल्यापासून सगळं राज्यच कापुसँ झालंय. कापुसँ म्हणजे भिक्षेवर जगणाऱ्या पंथाचे साधू. जानेवारी १७२० मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, फाशीच्या दोरातून सुटलेला हा परदेशी माणूस फ्रान्सचा अर्थमंत्री झाला.

एक माणूस शेअर घेत नव्हता, ड्यूक द सँ-सिमाँ. लॉ दर मंगळवारी त्याच्याकडे जायचा, रीजंटनेही आग्रह केला, पण हा म्हणाला की हात लावील त्याचं सोनं करणाऱ्या मिडास राजानंतर अशी विद्या कुणाकडे असल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याच्या आठवणींचे खंड वाचताना वाटतं, चला, एक तरी ठाम माणूस. आणि मग तोच मोठ्या अभिमानाने सांगतो की १७१७ मध्ये रीजंटला हिरा घ्यायला मी राजी केलं. हा हिरा आपल्याकडचा. गोवळकोंड्याच्या मुलखातल्या कोल्लूरच्या खाणीतला, मद्रासच्या इंग्रज गव्हर्नर पिटने एका हिंदी व्यापाऱ्याकडून घेतलेला. त्याची काचेची प्रतिकृती घेऊन लॉ सँ-सिमाँकडे आला. रीजंट म्हणत होता, तिजोरीत खडखडाट असताना लोक काय म्हणतील? सँ-सिमाँचं म्हणणं, असा हिरा न घेणं फ्रान्सच्या राजाला शोभत नाही. सुमारे वीस लाख लिव्र मोजले. पत टिकवायची तर बोटात अंगठी हवी, हे तत्त्व कर्जबाजारी घरातल्या लग्नात मी पुष्कळदा पाहिलंय.

आता तो 'रुए' शब्द.

२२ मार्च १७२०, शुक्रवार. र्यू कँकाँपुआला आडवी जाणारी एक चिंचोळी गल्ली आहे, र्यू द व्हनीज. आम्ही तीही पाहिली. दोन भिंतींमधली फट म्हणावी एवढीच. तिथल्या एका दारूच्या गुत्त्यात काउंट द ऑर्न नावाच्या बाविशीतल्या तरुणाने एका शेअर दलालाला सौद्याच्या निमित्ताने बोलावलं आणि दोन साथीदारांच्या मदतीने भोसकून त्याचं नोटांचं पाकीट काढून घेतलं. काउंट पकडला गेला. हा काही ऐरागैरा नव्हता. फ्लँडर्समधलं मोठं घराणं, आणि आईच्या बाजूने खुद्द रीजंटशी नातं. अर्धा दरबार रीजंटकडे धावला. तो वेडा आहे असं सांगून झालं. तुमचंच रक्त आहे, सांगून झालं. रीजंट म्हणे उत्तरला, माझ्या अंगात वाईट रक्त झालं की मी ते काढून टाकतो.

सँ-सिमाँची विनंती वेगळीच होती. मारू नका असं तो म्हणाला नाही. चाकावर नको, मुंडकं उडवा, म्हणाला. चाकाचा डाग लागलेल्या घराण्यातल्या मुलींना तिकडच्या खानदानी मठांत कित्येक पिढ्या प्रवेश मिळत नसे, मुंडकं उडवण्याने तसा डाग लागत नसे. रीजंटने हे कबूल केलं. सँ-सिमाँ निश्चिंत होऊन गावी गेला. आणि मागाहून लॉने, मंत्री द्युब्वाच्या साथीने, रीजंटचं मन फिरवलं. २६ मार्चला, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, ग्रेव्हच्या चौकात काउंटला चाकावर चढवलं. रात्री ज्यांना लाडाने 'रुए' म्हणायचं त्यांच्यापैकी कुणाला कधी ओरखडा उठला नाही, आणि एका दलालाच्या खुनासाठी रीजंटच्या नातलगाची हाडं भर चौकात मोडली गेली.

मी या प्रसंगापाशी बराच वेळ थांबते. न्याय झाला म्हणावं तर झाला. सामान्य खुन्याला जी शिक्षा, तीच सरदाराला. पॅरिसच्या लोकांना ती पसंतही पडली. पण लॉला घाई होती ती दलालाच्या बायकामुलांसाठी नव्हे. शेअरवाल्याला भोसकून सरदार सुटतो असं एकदा दिसलं की बोळात पाकीट घेऊन कोण येणार? जवळिकीचा भाव इतक्या चढ्या बाजारात एकदाच पडला, तो कागदाचा भाव सावरण्यासाठी. त्याच दिवसांत गल्लीतला बाजार हुकमाने बंद करण्यात आला. सटोडिये प्लास व्हाँदोमवर गेले, चौदाव्या लुईच्या घोड्यावरच्या पुतळ्याभोवती तंबू ठोकून बसले. तिथून काही आठवड्यांनी ओतेल द स्वासाँच्या बागेत. बाग कारीन्याँच्या राजपुत्राची. त्याने लाकडी टपऱ्या बांधून भाड्याने दिल्या. ती बाग आता नाही. तिथे धान्याचा गोल बाजार झाला, आता त्यात कलासंग्रहालय आहे. फक्त राणी कातरीन द मेदिचीच्या वेळचा एक उंच एकटा खांब भिंतीला चिकटून उभा आहे. तिचा ज्योतिषी त्यावर चढून ग्रह बघायचा म्हणे. भाव सांगणाऱ्यांसाठी जागा फार बेकार नव्हती.

पडझड मात्र त्याच्या आधी सुरू झाली होती, आणि ती बोळातून सुरू झाली नाही. काँतीच्या राजपुत्राला नवे शेअर मागितले तेवढे मिळाले नाहीत. त्याने रागाने आपल्या नोटा बँकेकडे पाठवल्या, सोबत गाड्या. नोटांची नाणी करून गाड्या भरून न्यायच्या. भर दिवसा, पॅरिसच्या रस्त्यांवरून, चांदीने भरलेल्या गाड्या राजपुत्राच्या वाड्याकडे गेल्या. रीजंट त्याच्यावर चिडला, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं. रिचर्ड कँटिलन नावाचा आयरिश बँकर तर आधीच विकून मोकळा झाला होता. बूर्बाँच्या ड्यूकने दोन कोटींहून जास्त कमावले आणि ते दगडविटांत घातले. शाँतियीला त्याचे घोड्यांचे तबेले आजही आहेत. घोड्यांचे म्हणून सांगावं लागतं, दिसतात राजवाड्यासारखे. एकदा हा ड्यूक आपल्याकडे किती शेअर आहेत ते चारचौघांत सांगत बसला. शेअरला फ्रेंचमध्ये 'अक्सियाँ' म्हणतात, आणि लढाईतल्या पराक्रमालाही तोच शब्द. एक जण म्हणाला, "सरकार, तुमच्या पणजोबांकडे पाच-सहाच होत्या, पण तुमच्या सगळ्यांपेक्षा मोलाच्या." पणजोबा म्हणजे सेनापती काँदे.

आमच्या गावात एक पतपेढी होती. बाबांनी निवृत्तीचे पैसे तिच्यात ठेवले, कारण चेअरमन त्यांच्या तालमीतला. मी बँकेत असून त्यांना अडवलं नाही. एक टक्का जास्त मिळत होता ना. ज्या सोमवारी शटर उघडलं नाही, त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी उशिरापर्यंत आत दिवे होते आणि बाहेर तीन-चार गाड्या उभ्या होत्या. समोरच्या दूधवाल्याने पाहिलं होतं. बाबा तालमीतले होते, पण तेवढे जवळचे नव्हते. ते पासबुक मी अजून ठेवलंय. शेवटच्या ओळीवरचा शिक्का अर्धाच उमटलाय. काँतीच्या गाड्यांबद्दल वाचलं तेव्हा मला ते शनिवारचे दिवे दिसले, म्हणून हे इथे आलं, नाहीतर सांगण्यासारखं त्यात काही नाही.

फेब्रुवारी १७२० मध्ये हुकूम निघाला की कुणीही घरात पाचशे लिव्रहून जास्त नाणी ठेवायची नाहीत. झडत्या, चहाड्या, चुगलीबद्दल बक्षिसं. ज्यांना कागदावर भरवसा उरला नव्हता त्यांनी वस्तू विकत घेऊन साठवल्या. ला फोर्सचा ड्यूक तर चरबी, मेणबत्त्या, किराणा भरून ठेवताना सापडला आणि पुढे त्याच्यावर खटला झाला. ड्यूक आणि वाणसामान! २१ मे ला जाहीर झालं की शेअर आणि नोटा दोन्हींची किंमत टप्प्याटप्प्याने कमी करत निम्म्यावर आणायची. शहर पेटलं. सहा दिवसांत हुकूम मागे घेतला. पण एकदा 'ही नोट अर्धी' असं सरकारच बोललं, मग ते शब्द मागे घेऊन काय उपयोग? अडीच अब्जांहून जास्त लिव्रच्या नोटा तोवर छापून झाल्या होत्या. आणि त्या कुणाकडे होत्या? ज्यांनी आयुष्याची पुंजी सरकारी कर्जरोख्यांत ठेवून व्याजावर पोट भरलं होतं त्यांच्याकडे. विधवा, मठ, इस्पितळं. त्यांचं कर्ज सरकारने 'फेडलं' होतं, नोटांत.

१७ जुलैची पहाट. बँक र्यू व्हिव्हिएनला होती. माणशी फक्त दहा लिव्रची एक नोट नाण्यांत बदलून मिळत होती. बेकरीवाला मोठी नोट घेईना, म्हणून त्या दहा लिव्रसाठी लोक रात्रीपासून आत घुसायला धडपडत होते. अरुंद वाट, मागून रेटा. उजाडलं तेव्हा दहा-पंधरा माणसं चेंगरून मेली होती. लोकांनी त्यातली प्रेतं उचलून रीजंटच्या वाड्यासमोर आणून ठेवली. लॉ गाडीतून निघाला तेव्हा गर्दीने शिव्या घातल्या, आणि परतताना रिकाम्या गाडीचे तुकडे केले. पॅरिसच्या उच्च न्यायसभेचे अध्यक्ष त्या वेळी बाहेर गेले होते. ते आत आले आणि यमक जुळवून म्हणाले, सभ्य गृहस्थहो, शुभवार्ता, लॉच्या गाडीचा भुगा झालाय. भरसभेत सगळे हसले. बाहेर मेलेल्यांची नावं अजून लिहून व्हायची होती.

त्या बँकेच्या दालनात लॉने व्हेनिसच्या पेलेग्रीनी या चित्रकाराकडून मिसिसिपीच्या वैभवाचं छत रंगवून घेतलं होतं. काही वर्षांतच तिथे राजाचं ग्रंथालय आलं आणि छत गेलं. आम्ही ती जागा पाहायला गेलो तेव्हा मी उगीच मान वर करून बघत होते.

डिसेंबर १७२० मध्ये लॉ पॅरिसमधून निघाला. कुणाच्या गाडीतून? शाँतियीच्या तबेलेवाल्या बूर्बाँच्या ड्यूकच्या गोटातून मिळालेल्या गाडीतून. सरहद्दीवर त्याच्याकडची सोन्याची नाणी काढून घेतली, देशाच्या बाहेर सोनं न्यायला बंदी करणारा कायदा त्याचाच होता, हे त्याला तिथे ऐकवलं असं म्हणतात. कॅथरीन मागे राहिली, मालमत्ता जप्त झाली. नंतर पारी बंधू या सावकारांनी हिशेब तपासायला घेतला. पाच लाखांहून जास्त लोक आपापले कागद घेऊन रांगेत आले, कुठून मिळाले ते सिद्ध करा म्हणून. लहानांनी केलं. मोठ्यांच्या शाँतियीला कुणी हात लावला नाही.

लॉच्या धाकट्या भावाचे, विल्यमचे दोन मुलगे पुढे याच कंपनीच्या नोकरीत आपल्याकडे आले. धाकट्याने, जाक फ्राँस्वाने, १७५२ मध्ये श्रीरंगमला वेढ्यात सापडून क्लाइव्ह-लॉरेन्सच्या सैन्यापुढे शस्त्रं खाली ठेवली. त्या वेढ्यात समोरच्या बाजूला मुरारराव घोरपड्यांचे मराठे होते, आणि तंजावरच्या भोसल्यांचा सेनापती मानकोजीही. फ्रेंचांच्या बाजूचा चंदासाहेब या मानकोजीच्या शब्दावर विसंबून बाहेर आला आणि मारला गेला. थोरला, ज्याँ लॉ, बंगालमध्ये इंग्रजांशी झगडला, कैद झाला, सुटला आणि पुढे पाँडिचेरीचा गव्हर्नर झाला. त्याला पाँडिचेरीत १७६८ मध्ये मुलगा झाला. तो नेपोलियनच्या तोफखान्यात चढत चढत सेनापती झाला.

आणि जॉन लॉ? तो व्हेनिसला गेला. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू त्याला १७२८ मध्ये तिथे भेटला, तेव्हाही त्याच्या डोक्यात नव्या योजना आणि आकडे चालू होते. पैशापेक्षा त्याचं प्रेम आपल्या कल्पनांवर जास्त होतं असं माँतेस्क्यूला वाटलं. मार्च १७२९ मध्ये तो वारला. त्याला पुरलं ते चर्च पुढे नेपोलियनच्या काळात पाडायला काढलं. हाडं कुठेतरी गेलीच असती. पण तेव्हा व्हेनिसचा फ्रेंच गव्हर्नर नेमका तो पाँडिचेरीत जन्मलेला मुलगा होता. त्याने १८०८ मध्ये चुलत आजोबांची हाडं सान मोइझे चर्चमध्ये हलवली आणि वर लॅटिनमध्ये कोरून घेतलं: कोण होता, कुठला होता, आणि ही व्यवस्था कुणी केली. स्वतःचं नाव आणि हुद्दा सगळा लिहिलाय, नेपोलियनच्या जवळचा असल्याचा उल्लेखसुद्धा.

मी व्हेनिसला गेलेले नाही. मुलगी कामानिमित्त गेली होती तेव्हा तिला म्हटलं, तेवढं बघून ये. तिने फोटो पाठवला. दारातून आत शिरल्या शिरल्या जमिनीतच ती फरशी आहे, येणारा-जाणारा तिच्यावरूनच जातो. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात तिच्या बुटाचं टोक आलंय.